मानस सरोवर : स्थानमाहात्म्य आणि बोध

॥ ॐ नमः शिवाय ॥



शिवालयात येणाऱ्या प्रत्येक भाविकाच्या अंतःकरणात कैलासाचे एक चित्र असते. कैलासाचे नाव उच्चारले की त्याच्या सान्निध्यातील मानस सरोवराचे नावही आपोआप ओठांवर येते. परंतु हे सरोवर नेमके कोठे आहे, त्याच्या सभोवती कोणकोणते पर्वत आहेत, त्यात पाणी कोठून येते आणि ते कोठे जाते, याची माहिती पुष्कळांना नसते. कार्यालयात येणारे यात्रेकरू याविषयी वारंवार विचारणा करतात. म्हणून या पुस्तिकेत मानस सरोवराचे स्थानवर्णन आणि त्यातून मिळणारा बोध यथामती मांडीत आहोत. तीर्थाचे माहात्म्य ऐकताना तीर्थाचा भूगोल जाणून घेणे हीसुद्धा एक सेवाच आहे. ज्याने हे विश्व रचिले, त्यानेच पर्वत उभे केले व पाण्याला वाटा दिल्या. त्या वाटा नीट पाहिल्या तर त्यांतही उपदेश सापडतो.

नाम आणि कथा

‘मानस’ म्हणजे मनापासून उत्पन्न झालेले. वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात ही कथा आली आहे. विश्वामित्र ऋषी श्रीराम-लक्ष्मणांना घेऊन यज्ञरक्षणासाठी निघाले असता वाटेत दोन नद्यांच्या संगमावर पाण्याचा मोठा घोष ऐकू आला. रामाने त्याचे कारण विचारले. तेव्हा ऋषींनी सांगितले, की कैलास पर्वतावर ब्रह्मदेवाने आपल्या मनाने एक सरोवर निर्माण केले, म्हणून त्यास मानस म्हणतात. आणि त्या सरसापासून निघाली म्हणून अयोध्येला वेढून वाहणाऱ्या नदीस सरयू म्हणतात. आपल्या नगराजवळून वाहणाऱ्या पाण्याचे मूळ किती दूर व किती उंच आहे, याची जाणीव ऋषींनी राजपुत्राला कुमारवयातच करून दिली.

गोस्वामी तुलसीदासांनी आपल्या रामकथेला ‘रामचरितमानस’ असे नाव दिले, तेही याच सरोवरावरून. त्या ग्रंथातील कांडांना सोपान, म्हणजे सरोवरात उतरण्याच्या पायऱ्या, म्हटले आहे. महाकवी कालिदासाच्या ‘मेघदूता’तील यक्ष रामगिरीवर राहतो, हा रामगिरी म्हणजे आपल्या विदर्भातील रामटेक, असे परंपरेने मानले जाते. तेथून निघालेल्या मेघाला मानसाकडे जाणाऱ्या राजहंसांची सोबत कैलासापर्यंत लाभते. शाक्त परंपरेत मानस हे शक्तिपीठ असून सतीदेवीचा उजवा हात येथे पडला, अशी श्रद्धा आहे. उजवा हात हा दान देण्याचा हात होय. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

हे स्थान केवळ हिंदूंनाच पूज्य आहे असे नाही. जैन परंपरेत कैलासाला अष्टापद मानून तेथे आदिनाथ ऋषभदेवांचे निर्वाण झाले असे सांगतात. बौद्ध आणि तिबेटातील प्राचीन बोन पंथाचे अनुयायीही येथे परिक्रमेसाठी येतात. तिबेटी लोक या सरोवराला ‘मापाम’, म्हणजे अजिंक्य, असे म्हणतात. काठावर त्यांचे अनेक मठ आहेत; मठाला ते ‘गोम्पा’ म्हणतात. इतक्या निरनिराळ्या श्रद्धांचे लोक एकाच जलाशयाला प्रदक्षिणा घालतात, असे दृश्य जगात क्वचितच आढळेल.

पर्वतांच्या कोंदणात

मानस सरोवर हे भारताच्या सीमेपलीकडे, चीनच्या अधिपत्याखालील तिबेटाच्या नैऋत्य भागात आहे. भारत, नेपाळ व तिबेट यांच्या सीमा जेथे एकमेकींना भेटतात, त्या प्रदेशाच्या उत्तरेस हे पठार पसरले आहे. समुद्रसपाटीपासून सरोवराची उंची सुमारे ४,५९० मीटर, म्हणजे पंधरा हजार फुटांच्या वर आहे. आपल्या महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. कळसूबाईच्या पावणेतीन पटींहूनही अधिक उंचीवर हे पाणी साठलेले आहे, असे म्हटले म्हणजे त्याची कल्पना येईल. तेथील हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत साठ टक्क्यांहूनही कमी असतो. त्यामुळे धडधाकट माणसालाही चार पावले चालल्यावर धाप लागते.

सरोवराचा आकार साधारण गोल असून उत्तरेकडे ते अधिक रुंद व दक्षिणेकडे निमुळते आहे. त्याचा विस्तार सुमारे ४१० चौरस किलोमीटर आणि परिघ सुमारे ८८ किलोमीटर आहे. काही ठिकाणी त्याची खोली ८० मीटरच्या आसपास भरते. स्वीडनचे संशोधक स्वेन हेडिन यांनी १९०७ मध्ये नावेतून फिरून ही खोली दोरीने मोजली होती. त्यानंतर स्वामी प्रणवानंद या भारतीय संन्याशाने अनेक वर्षे या प्रदेशात वारंवार वास्तव्य केले, पुष्कळ परिक्रमा केल्या आणि आपली निरीक्षणे ग्रंथरूपाने नोंदवून ठेविली. श्रद्धा आणि शोधक बुद्धी एकाच ठिकाणी नांदू शकतात, याचे ते उत्तम उदाहरण होय.

आता सभोवतालचे पर्वत पाहू. उत्तरेस, काठापासून सुमारे ३० किलोमीटरवर, ६,६३८ मीटर उंचीचा कैलास उभा आहे. ज्या रांगेत तो आहे, ती मुख्य हिमालयाच्या मागे, त्याला काहीशी समांतर अशी जाते. दक्षिणेस अगदी जवळ गुर्ला मांधाता हा ७,६९४ मीटर उंचीचा प्रचंड हिमपर्वत आहे. इक्ष्वाकु कुळातील मांधाता राजाने येथे तप केले, अशी आख्यायिका असल्याने त्यास हे नाव पडले. उंचीने मांधाता कैलासाहून एक हजार मीटरने मोठा आहे. परंतु पूजा कैलासाची होते. थोरवी केवळ उंचीवर ठरत नाही, हे या दोन पर्वतांकडे पाहिले तरी कळते. पूर्वेस डोंगरांच्या रांगा असून त्यांच्या पलीकडे ब्रह्मपुत्रेचे खोरे सुरू होते. पश्चिमेस टेकड्यांची एक चिंचोळी पट्टी आहे आणि तिच्या पलीकडे राक्षसताल नावाचे दुसरे सरोवर आहे.

हिमालयाची मुख्य रांग पावसाळी ढगांना अडविते. तिच्या मागे असलेल्या या पठारावर पाऊस फारच अल्प पडतो. झाडे जवळजवळ नाहीतच. अशा कोरड्या प्रदेशात एवढा मोठा जलाशय टिकून आहे तो मुख्यतः पर्वतांवरील हिमामुळे. मांधात्याच्या हिमनद्यांतून आणि पूर्वेकडील डोंगरांतून येणारे ओढे व नद्या त्यात येऊन मिळतात. सकाळी पाणी आरशासारखे शांत असते. दुपारनंतर वारा सुटला की समुद्राप्रमाणे लाटा उठतात. हिवाळ्यात, साधारणतः जानेवारीच्या सुमारास, संपूर्ण सरोवर गोठते. बर्फाला तडे जाताना होणारा गडगडाट दूरवर ऐकू जातो. वसंत ऋतूच्या अखेरीस ते पुन्हा मोकळे होते.

चार दिशांच्या चार नद्या

तिबेटी परंपरेत असे सांगतात, की या क्षेत्रातून चार नद्या चार प्राण्यांच्या मुखांतून बाहेर पडतात : सिंहमुखातून सिंधू, गजमुखातून सतलज, अश्वमुखातून ब्रह्मपुत्रा आणि मयूरमुखातून कर्णाली. भौगोलिक दृष्ट्या पाहता या नद्या प्रत्यक्ष सरोवराच्या पात्रातून निघत नाहीत. परंतु त्यांचे उगम कैलास-मानसाच्या परिसरातच आहेत, हे सत्य आहे. एकाच पर्वतप्रदेशातून निघून सिंधू अरबी समुद्रास मिळते, सतलज पंजाबातून जाऊन तिला साथ देते, तर ब्रह्मपुत्रा पूर्वेकडे वळून बंगालच्या उपसागरास जाते. कर्णाली नेपाळमधून उतरते, भारतात घाघरा म्हणून ओळखली जाते, अयोध्येजवळ सरयू या नावाने पूजिली जाते आणि पुढे गंगेला मिळते. विश्वामित्रांनी रामाला सांगितलेल्या कथेला भूगोलाचा असा आधार सापडतो.

दोन शेजारी

भाविकहो, आता मुख्य मुद्द्याकडे वळू. मानसाच्या पश्चिमेस असलेल्या राक्षसतालाचा उल्लेख वर आला आहे. त्याचा विस्तार सुमारे २५० चौरस किलोमीटर असून आकार चंद्रकोरीसारखा आहे. मानस पूर्णबिंबासारखे गोल, तर राक्षसताल कोरीसारखे वाकडे. म्हणून एकास सूर्याची व दुसऱ्यास चंद्राची उपमा देतात. दोहोंमध्ये अंतर काही किलोमीटरांचेच आहे. दोहोंवर तोच कैलास व तोच मांधाता आपली छाया टाकतो, तेच वारे वाहतात, तेच हिम पडते. काठावरील जुन्या किनाऱ्यांच्या खुणा पाहून, फार प्राचीन काळी ही दोन्ही मिळून एकच जलाशय असावीत, असे भूगर्भशास्त्रज्ञ मानतात.

असे असूनही मानसाचे पाणी गोड आहे. राक्षसतालाचे त्या मानाने क्षारयुक्त आहे. मानसाच्या काठी मठ आहेत व यात्रेकरूंची वर्दळ असते. राक्षसतालाच्या काठी सारे सुने असते. रावणाने शिवप्राप्तीसाठी येथे तप केले, अशी कथा आहे. लोकांत या सरोवराविषयी भीतीच्याच गोष्टी अधिक ऐकू येतात.

एकाच आईच्या दोन लेकरांत एवढा फरक कशाने पडला? शास्त्र याचे उत्तर सोप्या शब्दांत देते. डोंगरावरून येणारा प्रत्येक ओढा, तो कितीही स्वच्छ दिसला, तरी दगडमातीतील थोडे क्षार विरघळवून आणतोच. सूर्याच्या उष्णतेने सरोवरातील पाण्याची वाफ होते. पाणी आकाशात जाते आणि क्षार मागे राहतात. ज्या सरोवरातून पाणी बाहेर वाहून जाते, त्यातील क्षारही त्या पाण्याबरोबर निघून जातात आणि ते गोड राहते. ज्यातून पाणी बाहेर पडण्यास वाट नसते, त्यात वर्षानुवर्षे क्षार साचत जातात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे याचे जवळचे उदाहरण आहे. तेथे पाणी येते, परंतु बाहेर जाण्यास वाट नाही. म्हणून ते खारे झाले.

मानस सरोवराला ही वाट आहे. वायव्य कोपऱ्यात, चिऊ गोम्पा नावाच्या मठाजवळून, ‘गंगाछू’ नावाचा सुमारे दहा किलोमीटर लांबीचा एक प्रवाह मानसातून निघून राक्षसतालाकडे जातो. तिबेटी भाषेतही ‘चिऊ’ म्हणजे लहान पक्षीच, हे वाचून आपल्या घरातील बालगोपाळांना मौज वाटेल. मानसाची पातळी राक्षसतालापेक्षा काही मीटरने उंच आहे; म्हणून वरचा शेजारी देतो व खालचा घेतो. राक्षसतालातून पूर्वी सतलजेकडे पाणी वाहत असे. ती वाट आता कोरडी पडली आहे. येणारे पाणी आहे, पुढे जाणारे नाही. म्हणून त्यात क्षार साचले. राक्षसतालाला दुष्ट म्हणण्याचे कारण नाही. त्याची पुढची वाट बंद झाली, एवढाच त्याचा दोष.

दिसणारी वाट आणि न दिसणारी वाट

यावर चिकित्सक वाचक विचारतील, की गंगाछूला नेहमी पाणी असते काय? प्रश्न रास्त आहे. इंग्रज प्रवासी मूरक्रॉफ्ट १८१२ मध्ये गोसाव्याच्या वेषात येथे आला, तेव्हा त्याला सरोवरातून बाहेर जाणारा प्रवाह कोठेच आढळला नाही. १८४६ मध्ये हेन्री स्ट्रॅची आला, तर त्याला तेथे चांगला रुंद प्रवाह वाहताना दिसला. पुढेही असेच होत आले : काही वर्षे पाणी, काही वर्षे कोरडे पात्र. अलीकडच्या काळात तर ते बहुधा कोरडेच असते. गंगाछूला पाणी आले म्हणजे काळ चांगला, अशी तेथील लोकांची समजूत आहे.

मग वाट कोरडी असताना मानसाचे पाणी गोड कसे राहते? अभ्यासकांचे मत असे, की वरून प्रवाह दिसत नसला तरी जमिनीच्या पोटातून, वाळू व दगडगोट्यांच्या थरांतून, मानसाचे पाणी राक्षसतालाकडे झिरपत राहते. म्हणजे सरोवराचे देणे थांबलेले नसते. ते फक्त डोळ्यांना दिसत नाही.

आपल्या धर्मात याला एक सुंदर शब्द आहे : गुप्तदान. ज्या दानाची पाटी लागत नाही, ज्याची पावती कोणाला दाखविली जात नाही, घेणाऱ्यालाही ज्याचा दाता ठाऊक नसतो, त्या दानाने दात्याचे अंतःकरण निर्मळ राहते. गंगाछू वाहत असते तेव्हा ते प्रकट दान. कोरडी असते तेव्हा ते गुप्तदान. मानस दोन्ही करते, म्हणून ते मानस राहते. सतीचा उजवा हात येथेच पडला असे आपले पूर्वज का म्हणत आले, याचा विचार केला तर कथा आणि भूगोल एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

पिंडीची शाळुंका

ही गोष्ट समजण्यासाठी तिबेटास जाण्याचीही आवश्यकता नाही. गाभाऱ्यात दर्शन घेताना पिंडीकडे नीट पाहावे. वरून अभिषेकपात्राची धार अखंड पडते. परंतु ते पाणी पिंडीवर साठत नाही. शाळुंकेच्या मुखातून ते निरंतर बाहेर जाते. साक्षात गंगा ज्याने मस्तकी धारण केली, त्यानेही ती स्वतःपाशी अडवून ठेविली नाही. जटेतून मोकळी करून पृथ्वीला दिली. शिवाची प्रदक्षिणा करताना आपण ती बाहेर जाणारी जलवाट ओलांडीत नाही, तिच्यापासूनच परत फिरतो. देण्याच्या वाटेचा एवढा मान आपल्या आचारात राखलेला आहे.

हाच न्याय माणसाच्या मनाला लावून पाहावा. त्या सरोवराचे आणि आपल्या अंतःकरणाचे नाव एकच आहे. दिवसभरात कितीतरी प्रवाह मनात येऊन मिळतात : कोणाचे बोल, कोणाचा उपकार, कोणाचा अपमान, मिळालेले धन, शिकलेली विद्या. चांगल्या प्रवाहाबरोबरही थोडे क्षार येतातच. विद्येबरोबर गर्व येतो, धनाबरोबर भय येते, उपकाराबरोबर ओझे येते. बाहेर जाण्याची वाट मोकळी असेल तर हे सारे वाहून जाते. विद्या शिकविली की गर्व ओसरतो, धन सत्कारणी लावले की भय सरते, झालेल्या उपकाराची परतफेड तिसऱ्याच गरजवंतावर केली की ओझे हलके होते. वाट बंद ठेवली तर क्षार साचतात. अशा घरात कमी काहीच नसते, तरी गोडवा उरत नाही. समर्थ रामदासस्वामींनी ‘मनाचे श्लोक’ रचून मनालाच उपदेश केला, तो मनाची ही स्थिती ओळखूनच.

हाच नियम देवस्थानांच्या कोषालाही लागू आहे, हे येथे प्रांजळपणे नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. देणगीदार जे अर्पण करतात ते श्रींचे असते. ते अन्नछत्रातून भुकेल्याच्या पानात, औषधोपचारातून रुग्णाच्या हातात, शिक्षणसाहाय्यातून विद्यार्थ्याच्या पुस्तकात वाहत गेले पाहिजे. ज्या कोषात केवळ येणे आहे आणि जाणे नाही, तो राक्षसताल होय. देणगी देताना भाविकांनी हिशेब अवश्य विचारावा. त्यात श्रद्धेला बाध येत नाही, उलट वाट मोकळी राहण्यास साहाय्यच होते.

आजची स्थिती

भाविकहो, येथे एक चिंतेची गोष्टही सांगितली पाहिजे. मानसात येणारे पाणी ज्या हिमावर अवलंबून आहे, ते हिम कमी होत चालले आहे. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी गुर्ला मांधात्याच्या एका हिमनदीतून बर्फाचा खोल उभा नमुना काढला. १९५० व १९६० च्या दशकांत जगात झालेल्या अणुचाचण्यांचे सूक्ष्म अवशेष अशा बर्फाच्या थरांत जगभर सापडतात, आणि त्यांवरून थरांचे वय ठरविता येते. या नमुन्यात ते अवशेष आढळलेच नाहीत. याचा अर्थ असा लावला गेला, की त्यानंतर पडलेले हिम तेथे टिकलेलेच नाही. हा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्वत मुद्दलातून देत आहेत आणि ठेव घटत आहे, असे व्यवहाराच्या भाषेत म्हणता येईल. सरोवराची वाट मोकळी राहायची तर वरून येणारे पाणीही टिकले पाहिजे. दाता जगला तरच दान चालते.

मानस सरोवर व त्याचा पाणथळ परिसर २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत समाविष्ट झाला. अलीकडच्या काळात सरोवरात उतरून स्नान करण्यास तेथील प्रशासनाने मनाई केली असून, यात्रेकरू बादलीने पाणी घेऊन काठापासून दूर स्नान करतात. पुष्कळांना याचे वाईट वाटते. आयुष्यभर मनात बाळगलेली डुबकी राहून गेली, ही हळहळ समजण्यासारखी आहे. परंतु शेकडो माणसांच्या अंगाचे तेल, साबण, सोडून दिलेली वस्त्रे, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि पूजासाहित्य या सर्वांचा भार त्या थंड, स्थिर पाण्यावर पडतो. तेथे कचरा लवकर कुजतही नाही. अंगावर घेतलेले एक लोटाभर पाणी आणि काठावर केलेला नमस्कार यांनी पुण्य उणे होत नाही.

यात्रेविषयी

१९६२ च्या युद्धानंतर भारतीयांसाठी बंद झालेली ही यात्रा १९८१ मध्ये पुन्हा सुरू झाली. वाट खडतर आहे. १९९८ च्या ऑगस्टमध्ये उत्तराखंडातील मालपा येथे रात्री दरड कोसळून दोनशेहून अधिक जण मृत्युमुखी पडले. त्यांत कैलास-मानसचे अनेक यात्रेकरूही होते. त्यांच्या स्मृतीस येथे विनम्र अभिवादन. २०१५ पासून सिक्कीममधील नाथू ला खिंडीतूनही मार्ग उपलब्ध झाला. २०२० मध्ये महामारीमुळे यात्रा थांबली ती पाच वर्षे बंदच राहिली. २०२५ च्या जूनमध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि त्या वर्षी लिपुलेख व नाथू ला या दोन मार्गांनी मिळून ७५० यात्रेकरूंची निवड करण्यात आली. भारत सरकारच्या यात्रेसाठी वयाची अट १८ ते ७० वर्षे असून, निघण्यापूर्वी कठोर वैद्यकीय तपासणी होते. इच्छुकांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या त्या त्या वर्षीच्या सूचना पाहूनच पुढील तयारी करावी.

या पाच वर्षांच्या खंडात कितीतरी भाविकांचे वय सत्तरीच्या पुढे गेले. कोणाचे गुडघे थकले, कोणाच्या हृदयाने साथ सोडली, कोणाचा सोबती निघून गेला. ‘आता आमचे मानस राहिले ते राहिलेच’ असे सांगताना त्यांचा कंठ दाटून येतो. अशा सर्व वडीलधाऱ्यांना आमचे सविनय सांगणे आहे, की मानसापर्यंत पोहोचणे हे भाग्याचे खरेच. परंतु मानसाप्रमाणे जगणे हे त्याहून मोठे आहे, आणि त्यासाठी पारपत्र लागत नाही, वयाची अटही नाही.

तसेच त्या पठाराशी आपला संबंध तुटलेला नाही. दर हिवाळ्यात पट्टकादंब नावाचे हंसजातीचे पक्षी तिबेट व मध्य आशियातील सरोवरांकडून हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे पक्षी नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर, पैठणचे जायकवाडी आणि उजनी येथील जलाशयांवर उतरतात. नांदूर मध्यमेश्वर हे २०२० मध्ये जाहीर झालेले महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ होय. हंसांचे पाहुणे आपल्या गोदावरीच्या पाण्यावर येत असतील, तर ते पाणी मानसासारखे राखणे हे यजमानाचे कर्तव्य ठरते. ज्यांना तिबेटास जाता येत नाही, त्यांनी आपल्या गावचा तलाव, आपली नदी, आपल्या मंदिराची पुष्करिणी हेच मानस मानावे. त्यात निर्माल्य टाकू नये, गाळ साचू देऊ नये, येणारी व जाणारी वाट बुजवू नये.

उपसंहार

सारांश, पर्वतांच्या कोंदणात बसलेले ते सरोवर आपणांस तीन गोष्टी शिकविते. वरून जे मिळते ते नम्रतेने घ्यावे, कारण ते कोणा उंचावरच्याच्या झिजण्यातून आलेले असते. मिळालेले पुढे जाऊ द्यावे, दिसेल असे शक्य नसेल तर न दिसेल असे. आणि ज्याची वाट बंद झाली आहे अशा शेजाऱ्याला नावे न ठेवता त्याची वाट मोकळी होण्यास हात द्यावा.

दर्शन घेऊन परतताना प्रत्येकाने एक लहानसा संकल्प करावा. आपल्यापाशी साठून राहिलेली एक वस्तू, एक विद्या किंवा मनातील एक जुना राग यांपैकी काहीतरी येत्या महिन्याभरात वाहते करावे. श्रींना तीच पूजा अधिक प्रिय होईल, अशी आमची श्रद्धा आहे.

सर्व भाविकांचा प्रवास सुखाचा होवो, सर्वांचे मानस निर्मळ राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ श्रीशिवार्पणमस्तु ॥

आपला नम्र,
कार्यालय चिटणीस